ते गाव आणि तो गाव

आई गेल्यावर दहाव्या दिवशी सकाळी आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या वॉचमनचा खालून फोन आला. "मॅडम, एक जीप आलीये. सात माणसं आहेत. रजिस्टरमध्ये नाव काय लिहू म्हणून विचारलं, तर त्यातल्या एक बाई म्हणतात, 'गाव इलो म्हणान सांग.' काय लिहू?"

"तेच लिहा," मी म्हटलं आणि तशीच अनवाणी जिना उतरले. लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता.

खाली शेवंती उभी होती. माझी सहावीतली मैत्रीण. केस पांढरे झालेले, रात्रभराच्या प्रवासाने चेहरा सुकलेला. तिच्यामागे सहा जण, त्यांतल्या चौघांना मी ओळखतही नव्हते. आई कोकणातल्या आरोंद्यातून बदलून आली त्याला पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती. तरी ती माणसं बारा तासांचा रस्ता तुडवून आली होती, आणि आपण कोण हे सांगताना त्यांनी एकच शब्द वापरला होता, गाव.

आता भेटीची परतफेड म्हणून मी आरोंद्याला आले आहे. अशा भेटीची परतफेड होत नसते, हे ठाऊक असूनही आले आहे. शेवंतीच्या पडवीत बसले आहे. ओहोटी लागली आहे आणि खाडीच्या उघड्या पडलेल्या चिखलाचा तो वास, खारट, जरासा कुजका, जरासा गोड, माडांच्या बुंध्यांमधून सरळ आत येतो आहे. या वासाला मी दहा वर्षांची असताना नाक दाबलं होतं. आज मात्र पोटभर श्वास घेतला.

आम्ही इथे आलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच कुठे सुरू झालं होतं. वडील जाऊन वर्ष झालेलं. वाईकडची तेहतीस वर्षांची माझी आई, एक पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि मी. खाडीकाठच्या या गावातल्या हायस्कुलात तिला मराठी शिकवायची नोकरी मिळाली होती. फिलोमिनमाय नावाच्या बाईंनी आपल्या कौलारू घराच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. त्यांचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा यायचा. पडवी एकच आणि दारं दोन. एक त्यांचं, एक आमचं. त्यांच्या दारावर क्रूस, आमच्या दारावर आईने ट्रंकेतून आणलेलं आंब्याच्या पानांचं प्लॅस्टिकचं तोरण.

पहिले काही महिने मला फक्त आवाज आठवतात. संध्याकाळी कपेलातली, म्हणजे छोट्या चर्चमधली घंटा, आणि ती विरते न विरते तोच देवळातली. पलीकडे गोव्याला जाणाऱ्या होडीवाल्याची किनाऱ्यावरून लांबवलेली हाक. मे महिन्यात खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, कोकमाची सोलं वाळत घातलेली असायची. त्यांचा आंबट वास कपड्यांना लागायचा आणि शाळेत जाईपर्यंत टिकायचा. पाऊस धरला की सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची मडकी उघडली जायची. फिलोमिनमाय चुलीवर ती भाजायला लागली, की शाकाहारी असलेली माझी आई आमच्या खिडकीचं दार लोटून घ्यायची. दुसऱ्या वर्षी ती ते नुसतंच अर्धं लोटायची. तिसऱ्या वर्षी लोटायचं विसरली.

भाषा मला आठवड्यांत आली, आईला वर्षं लागली. "खंय चल्लास गो?" असं कुणी विचारलं की मी लगेच "शाळेत" म्हणायची. आई मात्र थांबून, शब्द मनात उलटून, मग छापील मराठीत उत्तर द्यायची. लोक तिच्याशी आदराने बोलायचे, तिला वाट सोडायचे. पण तिच्या मागे तिचा उल्लेख 'घाटावरची बाई' असाच व्हायचा. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त ती कुठली नाही, हे त्यात होतं.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी बाबल नावाचा माणूस आमच्या खळ्यात आला. गावाचे निरोप तोच पोचवायचा. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध होता. तो दर वर्षी दुरुस्त करावा लागे. खळ्यात उभं राहून बाबलने आवाज दिला, "घरटी एक माणूस! उद्या बांधार येवा!"

फिलोमिनमाय आतून "येतंय" म्हणाली. आईही दारात आली होती. बाबलने तिला पाहिलं, जरा ओशाळला आणि हसून म्हणाला, "बाई, तुमका नाय. तुमी खंय गावातली?"

"बरं," आई म्हणाली.

त्याने ते प्रेमानेच म्हटलं होतं. बाईंना कशाला चिखलात उतरवायचं, असं त्याच्या मनात असणार. पण एकाच पडवीतल्या दोन दारांपैकी एकाला हाक आली होती आणि दुसऱ्याला नाही. मी आईला विचारलं, "आपण घर नाही का?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आपण भाड्याने राहतो ना, म्हणून." आणि तोच मूठभर तांदूळ तिने पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतला.

दुसऱ्या वर्षी मी सहावीत होते आणि वर्गशिक्षिका होती आई. वर्गात तिला बाई म्हणायचं हा नियम तिनेच घातलेला. ऑगस्टच्या चाचणीत तिने एक प्रश्न दिला होता. लिंग ओळखा आणि वाक्यात उपयोग करा. शब्द होता 'गाव'. वर्गाने लिहिलं नपुंसकलिंग, ते गाव. एकट्या शेवंतीने लिहिलं, 'तो गाव. सगळा गाव बांधावर गेला.'

आईने त्यावर लाल रेघ मारली. "शेवंती, ते गाव. ते शेत, ते घर, तसं ते गाव."

शेवंतीने वही मिटली. ती बोलणारी मुलगी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी मात्र हजेरी संपल्यावर उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "बाई, आजो म्हणता, तुमचां चुकलां."

शेवंतीचे आजोबा, सगळे त्यांना भिकाआजो म्हणायचे, बांधाची राखण करायचे. पाणी सोडायची-अडवायची लाकडी झडप कधी उघडायची नि कधी बंद करायची हे तेच ठरवत. शाळेचं तोंड त्यांनी दुसरीपर्यंतच पाहिलं होतं. आईचा चेहरा लाल झाला. परक्या गावात एकटीने उभं राहायला तिच्यापाशी काय होतं? तिचं मराठी. तिथेही कुणी चुकलां म्हणत होतं.

"तुझ्या आजोबांना सांग," ती म्हणाली, "व्याकरण पुस्तकात असतं, बांधावर नाही."

शेवंतीने हा निरोप शब्दही न गाळता पोचवला, हे आम्हाला नंतर कळलं.

त्यानंतर चारच दिवसांनी श्रावणातली अमावास्या आली. तीन दिवस झड लागली होती. त्या दिवशी शनिवार होता, शाळा सकाळची. आम्ही साडेसातला पोचलो तर वर्ग रिकामा. बाकांवर कुणी नाही, ओसरीवर छत्र्या नाहीत. शिपाई म्हणाला, "बाई, रातच्या भरतेक बांध फुटलो. सगळो गाव थंयच गेलो."

आई रिकाम्या वर्गात क्षणभर उभी राहिली. फळ्यावर आदल्या दिवशीचा सुविचार होता, ओल्या हवेने अक्षरं फुगलेली. मग तिने हजेरीपट कपाटात ठेवला, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल."

ते दृश्य मी आजही डोळे मिटून पाहू शकते. बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं. आतल्या शेतांत पोटरीला आलेलं भात, आणि त्याच्या मुळाशी राखाडी, खारं पाणी. ओहोटी संपून पाणी पुन्हा चढू लागलं होतं. बारा वाजायच्या आत भोक बुजलं नाही, तर त्या वर्षीचं भात गेलंच, पुढच्या दोन वर्षांचंही जाणार होतं, कारण मिठाने मारलेली जमीन लवकर उठत नाही. डोंगराकडून भगदाडापर्यंत माणसांची एक रांग लागली होती. मातीने भरलेली टोपली एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दगड, पेंढा, झावळ, पोती, सगळं त्याच वाटेने पुढे सरकत होतं. रांगेत कोण नव्हतं? देवळाचे पुजारी होते, दुकानदार होते, आमचे हेडमास्तर होते, फिलोमिनमाय गुडघ्यापर्यंत झगा खोचून उभी होती. गावाच्या कडेला चार घरं होती, ज्यांच्या विहिरीही वेगळ्या होत्या. त्या घरांतली माणसं तर भगदाडाच्या तोंडाशी, छातीभर पाण्यात होती.

आई रांगेत शिरायला गेली तशी बाबल म्हणाला, "बाई, तुमी नको. तुमी थंय पोरांवांगडा बसा."

भगदाडाशी उभ्या असलेल्या भिकाआजोंनी मान वळवली. उघडा, सुकलेला, काळा माणूस, डोक्यावर इरलं. ते ओरडले, "रवांदे रे! तिका हात आसत मां?"

रांगेत दोन माणसांमध्ये फट पडली आणि आई त्या फटीत उभी राहिली.

तिचे हात खडूचे होते. पहिल्या टोपलीलाच ती वाकली, दुसरी निसटली. तिसरी तिने पोटाशी धरून पुढे दिली. मग तिला लय सापडली. आम्ही मुलं कळश्यांतून गुळाचं पाणी नेत होतो. मी आईपाशी पोचले तेव्हा तिच्या साडीचा रंग ओळखू येत नव्हता, चष्म्यावर चिखल उडाला होता आणि पुसायला हात रिकामे नव्हते. मी तो माझ्या फ्रॉकला पुसून पुन्हा तिच्या नाकावर चढवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. वडील गेल्यानंतर इतकं मोकळं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला शेवटची पोती पडली. पाणी चढत चढत आलं, नव्या मातीला लागलं, माती थोडी खचली. माती थांबली. भरती बांधाच्या पलीकडेच राहिली. ओरडाआरडा काही झाला नाही. लोक नुसते जागच्या जागी खाली बसले.

भिकाआजो रांगेच्या कडेने चालत आले ते आईसमोर थांबले. त्यांच्या कपाळावरून पाणी गळत होतं.

"बाई," ते म्हणाले, "आता सांगा. गाव जमलां, काय गाव जमलो?"

आईने बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"जमलो," ती म्हणाली.

तिच्या तोंडून आलेला तो पहिला मालवणी शब्द. सगळे हसले, आजो सगळ्यांत जास्त. त्यांना पुढचे दोन दात नव्हते.

मग पेज आली. मोठमोठ्या टोपांतून उकड्या तांदळाची गरम पेज, सोबत खारातली कैरी. फिलोमिनमायने माझ्या हातात करवंटी दिली, "खाऊन घे गो चेडवा." तशा चवीची पेज मी पुन्हा कधी खाल्ली नाही, हे खरं. पण त्या दिवसाची आणखी एक गोष्ट खरी आहे आणि ती वगळली तर आई मला माफ करणार नाही. पेजेच्या वेळी ती कडेच्या चार घरांची माणसं उठून दूर, उंडीच्या झाडाखाली जाऊन बसली. कुणी त्यांना जा म्हणालं नाही. त्यांची पेज तिथे पोचवली गेली. छातीभर पाण्यात सर्वांत पुढे होती तीच माणसं.

संध्याकाळी आईने अंगावरचा चिखल धुतला. मग म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा आत्याला पत्र लिहिलं होतं मी. 'सगळा गाव आला होता' असं लिहिलं होतं. माझ्याच हाताने. आणि त्या पोरीला लाल रेघ मारली." थोड्या वेळाने म्हणाली, "रांगेत सगळे होते. पेजेला नव्हते. मी पाहिलं आणि माझी पेज संपवली."

सोमवारी वर्गात तिने फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'ते गाव लांब आहे.' 'सारा गाव धावून आला.' म्हणाली, "घरं, रस्ते, विहिरी, देऊळ, चर्च, हे सगळं मिळून ते गाव. ते नकाशात असतं. माणसं एकमेकांसाठी उठतात तेव्हा तो गाव. तो नकाशात सापडत नाही. शेवंतीचं बरोबर होतं. बाईंचं चुकलं होतं." आणि शेवंतीची वही मागून घेऊन लाल रेघेवर तिने निळ्या शाईने बरोबरची खूण केली.

शेवंती वहीकडे बघत म्हणाली, "बाई, ह्यो गुण आजाक देव?"

त्याच वर्षी शिमग्याआधी बाबल गावबैठकीचं बोलावणं घेऊन पुन्हा खळ्यात उभा राहिला. "उद्या देवळात गाव बसता. घरटी एक!" फिलोमिनमायने हो म्हटलं. मग बाबल आमच्या दाराकडे वळला, घसा खाकरला आणि जणू हे दर वर्षीचंच असल्यासारखा म्हणाला, "बाई, तुमच्या घरातसून कोण येतला?"

घरात होतो दोघी. आईने माझ्याकडे पाहिलं, हसली. "मीच येईन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ठेवणीतली पांढऱ्या काठांची साडी नेसून फिलोमिनमायबरोबर गेली. फिलोमिनमाय बाहेरच्या पायरीवर बसली, आई तिच्या शेजारी. परत आल्यावर मी विचारलं, "काय झालं तिथे?" म्हणाली, "काही नाही गं. कोणी मला काही विचारलं नाही. पण घरं मोजली, त्यात आपलं होतं." आणि चुलीपाशी बसून पदराने डोळे पुसले. धुरामुळे असेल, असं तेव्हा मला वाटलं.

त्यानंतरची वर्षं आता ऋतूंनीच आठवतात. काजूच्या बिया भाजताना उठणारा जळका धूर आणि काळे झालेले हात. नाताळात आमच्या दारात ठेवलेली करंज्यांसारख्या नेवऱ्यांची थाळी. गणपतीत फिलोमिनमायने न चुकता आणून दिलेली जास्वंदीची फुलं. आईच्या मराठीत हळूहळू मिसळत गेलेलं 'आसा' आणि 'खंय'. मला एकदा दहा दिवस ताप होता, तर पडवीत येणाऱ्या माणसांच्या चपला मोजता मोजता मी झोपी जायची. मी दहावी झाले आणि आईने कोल्हापूरला बदली मागून घेतली. माझ्या कॉलेजसाठी. एस.टी.च्या थांब्यावर इतकी माणसं होती, की कंडक्टरने विचारलं, "कोण पुढारी चाललाय काय?"

पुढे आम्ही पुण्याला स्थायिक झालो. नोकरी, लग्न, फ्लॅट. 'समाज' या शब्दावर मी सभांमध्ये भाषणं ऐकली, एकदोनदा केलीही. सोसायटीच्या बैठकांत पार्किंगवरून तावातावाने बोलले. माणसं तिथेही चांगलीच होती आणि आहेत. आई आजारी पडली तेव्हा शेजारच्यांनी डबे दिले, गाडी काढली. त्यांचं ऋण आहेच. पण एखाद्या शब्दाला किती हात असू शकतात, हे मी बांधावर शिकले. म्हणून दुसरीकडे ते ओळखता आले.

आज दुपारी जेवण झाल्यावर शेवंतीने पानाचा डबा पुढे ओढला. मी तिला म्हटलं, "तुम्ही सगळे आलात, ते मी जन्मात विसरणार नाही. आईला तुम्ही किती दिलंत."

ती सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "बाईंनीय दिल्यानी. तुका म्हायत नाय?"

"काय?"

"जावच्या आधी गाव बसललो. बाईंका काय तरी भेट देवची म्हणान. आजान विचारल्यान, 'बाई, काय होया तुमका?' कोण म्हणी साडी, कोण म्हणी समई. बाई उभ्या रवल्यो नि म्हणाल्यो, 'माका कायएक नको. फकत बांधावरची पेज एका पंगतीत जेवा. उंडीखाली कोणी बसू नये.'"

आई मला हे कधीच बोलली नव्हती. त्या निरोपाच्या दिवशी ती समई न घेता, रिकाम्या हातांनी घरी आली होती. मला तेव्हा गावाचा रागही आला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? सगळे मान खाली घालून उठले. त्या वर्सा झालां नाय. दुसऱ्या वर्साय नाय." शेवंतीने पान माझ्या हातावर ठेवलं. "तिसऱ्या वर्सा बांधार पेज वाढूक घेतली, नि आजो आपली करवंटी घेवन उठलो. सरळ उंडीखाली गेलो नि त्यांच्या मधी बसलो. म्हातारो माणूस, सत्तरीच्या फुडचो. थंयसून माझ्या आयेक हाक मारल्यान, 'गो, माझी पेज हंय घेवन ये.'"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे उभेच. पेज थंड होवक लागली. मगे बाबल उठलो. मगे फिलोमिनमाय. मगे..." तिने हात हवेत फिरवला, मोजायचं सोडून दिल्यासारखा. "उंडीखाली जागा पुरली नाय, म्हणान सगळी बांधार येवन बसली."